रेडबोन मालिका: मासा सोडायचा, पैसा मुलांच्या आजारासाठी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर गळाने मासेमारीच्या स्पर्धांची ‘रेडबोन’ नावाची मालिका भरते. तिच्यात मासा पाण्यात परत सोडल्यावरच गुण मिळतात, आणि स्पर्धेतून उभा राहणारा पैसा सिस्टिक फायब्रोसिसवरच्या संशोधनाला जातो. गॅरी आणि सुझन एलिस यांच्या लेकीला हा आजार असल्याचं कळलं, त्यानंतर 1988 साली त्यांनी इस्लामोराडा इथं ही स्पर्धा सुरू केली. या आजारात फुप्फुसांत आणि स्वादुपिंडात चिकट, घट्ट स्राव साठतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, तरच तो मुलाला होतो. ते जनुक सापडलं 1989 मध्ये. बहुसंख्य रुग्णांना लागू पडणारं तीन औषधांचं मिश्रण मंजूर व्हायला 2019 उजाडलं. इतकी वर्षं संशोधन चालू ठेवायचं तर पैशाचा ओघ आटून चालत नाही, म्हणून दर वर्षी भरणाऱ्या स्पर्धेचं मोल आम्हाला मोठं वाटतं.

मालिकेत तीन स्पर्धा आहेत: साधारण सप्टेंबरात की वेस्टची ‘स्लॅम’, ऑक्टोबरात की लार्गोची ‘बेबोन’ आणि नोव्हेंबरात इस्लामोराडाची मूळ ‘रेडबोन’. हे नाव रेडफिश आणि बोनफिश या दोन माशांवरून पडलं. रेडफिश आपल्या घोळीच्या कुळातला. ‘स्लॅम’मधला परमिट दिसायला पापलेटसारखा, पण त्याचं कूळ हलव्याचं. तिथले उरलेले दोन मासे म्हणजे बोनफिश आणि टार्पन.

गुण कुठे हुकतात, ते नीट समजून घ्यायला हवं. सोडायच्या माशाचा मोजपट्टीसोबतचा फोटो हाच पुरावा, आणि बहुतेक चुका त्या अर्ध्या मिनिटातच होतात. पट्टी उन्हात तापलेली असते, तिच्यावर मासा ठेवला की अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला बुरशी, जंतू लागायची वाट मोकळी होते. म्हणून पट्टी आणि हात आधी समुद्राच्या पाण्यात भिजवून घ्यावेत. माशाचं तोंड मिटलेलं आणि पट्टीच्या टोकाला टेकलेलं असावं. मध्ये फट राहिली की माप वादात सापडतं. कॅमेरा तिरका धरला की शेपटीजवळची रेघ चुकीची वाचली जाते, त्यामुळे फोटो सरळ वरूनच काढावा आणि त्याआधी भिंगावरचं खारं पाणी पुसून घ्यावं. कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच राहू द्यावा. तो बाहेर काढायचा तो दहा सेकंदांपुरता. टार्पनचा नियम वेगळा आहे: 40 इंचांहून मोठा टार्पन फ्लोरिडाच्या कायद्याने पाण्याबाहेर काढताच येत नाही, तेव्हा त्याला होडीत ओढायचा मोह टाळावा.

बोनफिशची झुंज लांबली की तो सोडल्यावर उताणा पडतो आणि शार्क किंवा बॅराकुडा हा शिकारी मासा त्याला उचलतो. कागदावर गुण मिळतात, मासा मात्र मरतो. म्हणून फार बारीक दोर वापरण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. स्पिनिंगसाठी, म्हणजे साध्या रिळाच्या मासेमारीसाठी, सात फुटी रॉड आणि 10 ते 12 पौंडांचा ताण सोसणारा दोर पुरतो. फ्लायसाठी, म्हणजे पिसांची खोटी माशी लावून केलेल्या मासेमारीसाठी, बोनफिशला आठ नंबरचा रॉड (नंबर जितका मोठा, तितका रॉड दणकट), परमिटला नऊ किंवा दहा, टार्पनला अकरा किंवा बारा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. जिवंत कोळंबी लावणार असाल तर गोल वाकलेला सर्कल हुक घ्या. मासा लागला की झटका न देता नुसतं रीळ फिरवायचं, मग गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात की तो तोंडातून निसटून येतो.

‘स्लॅम’ सर्वांत चुरशीची, पण सर्वांत अवघडही. सप्टेंबरात उथळ पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी, मासा लवकर थकतो. वादळांचा हंगामही तेव्हाच ऐन भरात असतो, म्हणून तारीख बदलता येईल असंच विमान आणि हॉटेल आरक्षित करा. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबरची स्पर्धा निवडावी, असं आमचं स्पष्ट मत.

खर्च ही खरी अडचण. प्रवेशशुल्क भरलं म्हणजे सगळं झालं असं नाही. गाइड आणि त्याची होडी यांचा खर्च धरा, वर गाइडला 15 ते 20 टक्के बक्षिसी देण्याची तिथली रीत आहे. परवानाधारक चार्टर (गाइडसह भाड्याने घेतलेल्या) होडीवर मात्र वेगळा मासेमारी परवाना काढावा लागत नाही. अमेरिकेत कर भरणाऱ्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: शुल्काच्या बदल्यात जेवण, कपडे, भेटवस्तू मिळाल्या असतील, तर त्यांची किंमत वजा करून उरलेली रक्कमच देणगी म्हणून दाखवता येते. सोडतीची तिकिटं देणगीत धरली जात नाहीत. पावतीवर ही फोड करून मागा.

आपल्या मुलांना गळ धरायला शिकवायचा असेल, तर ही जागा नव्हे. इथं दिवसभर होडीत उभं राहून बांबूएवढ्या लांब काठीने ढकलत नेलेल्या होडीवरून माशाची सावली शोधायची असते, आणि त्यात लहान मूल कंटाळतं. अपंग मुलांसाठी मात्र ‘कास्ट फॉर किड्स’ या संस्थेचे कार्यक्रम बघावेत. तिथं त्यांना अनुभवी मासेमार आपल्या होडीतून नेतात. स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आधीच विचारून ठेवा, मोठ्या माणसाचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून येतं.