खानापूरच्या पावसात तपासलेले प्लायवूड

सिंकखालच्या कपाटासाठी पूर्वी विकत घेतलेले एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणा सोसणाऱ्या) दर्जाचे प्लायवूड दुसऱ्याच पावसाळ्यात फुगले आणि त्याचे पदर सुटले. ‘सगळं वॉटरप्रूफच असतंय’ असे सुतारमामांनी तेव्हा ठामपणे सांगितले होते. वास्तविक या दर्जाचा युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक हवेतील दमटपणा सोसतो, पण साचलेल्या पाण्यात, विशेषतः गरम पाण्यात, त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात.

यंदा बेळगावातून आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) दर्जाचे, १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणले. त्यात फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. त्याचे बंध पाण्याने सहसा तुटत नाहीत आणि कापलेल्या कडेवर त्याच्या गडद तांबूस-तपकिरी रेषा स्पष्ट दिसतात. युरियाच्या डिंकात मेलामाइन मिसळूनही पाण्याचा प्रतिकार वाढतो, मात्र माझ्या मते सिंकखाली ती तडजोड करू नये.

या मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. एवढा गॅस जाळणे घरी मान्य होणे शक्य नव्हते, म्हणून हातभर पट्टीचा उरलेला तुकडा आठ तासच उकळला. पाणी चहासारखे तांबडे झाले, कडा किंचित खरखरीत झाल्या, परंतु सुरीचे टोक पदरांत शिरले नाही.

तक्रार एकच: एका फळीच्या गाभ्यात पोकळी निघाली. तिथे पाणी शिरले तर उत्तम डिंकाचाही उपयोग नाही, त्यामुळे कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्यावे लागले. किंमत जास्त आहे, तरी पुढच्या कपाटालाही हेच घेईन.