चौकशी खोलीतला रेकॉर्डिंग संच: कबुलीजबाब पारखायला कितपत कामाचा?

दोन कॅमेरे, एक-दोन माइक आणि रेकॉर्डर. कबुलीजबाब मनाने दिला की वदवून घेतला, हे पाहायला यापेक्षा चांगलं साधन नाही. पण बसवणाऱ्याने चूक केली की हाच संच दिशाभूल करतो.

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याच्या जागेची. तो संशयिताच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो आणि अधिकाऱ्याचा नुसता आवाज येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांत अशा चित्रीकरणातली कबुली पाहणाऱ्यांना जास्त स्वेच्छेची वाटली. दोघंही सारखेच दिसले की हा कल ओसरला. म्हणून कॅमेरा बाजूच्या भिंतीवर हवा, दोघांचे चेहरे आणि हात दिसतील असा. दुसऱ्यात दारासकट अख्खी खोली यावी. मध्येच कोण आलं, पाणी दिलं का, किती वेळ एकट्याला बसवून ठेवलं, ते त्यातच कळतं.

माइक पंख्याखाली नको. ‘कबूल कर, लवकर सोडतो’ हे वाक्य कोणी ओरडून बोलत नाही, आणि नेमकं तेच घरघरीत बुडतं.

रेकॉर्डिंग पहिल्या प्रश्नाच्या आधी सुरू व्हायला हवं. ‘आधी बोलून घेऊ, मग कॅमेरा लावू’ असं केलं की फायलीत उरते ती फक्त घोटवलेली कबुली. हत्यार कुठलं, वार कुठे, हे अधिकाऱ्याच्याच तोंडून आधी निसटलेलं असतं. नंतर तेच ‘खऱ्या गुन्हेगारालाच ठाऊक असलेली माहिती’ म्हणून कोर्टापुढे येतं. निरपराध माणूस इथेच अडकतो.

फाइल कितीही स्वच्छ असली तरी पुरावा ग्राह्य की नाही, हे कायदा ठरवतो. इंग्लंडच्या 1984 च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यातलं कलम 76 पाहा: जुलमाने मिळवलेली कबुली खरी असली तरी बाद. भारतात 2023 च्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरूच देत नाही. कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून एखादी गोष्ट हाती लागली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. चित्रीकरण केलं म्हणून ही बंदी उठत नाही.

संच विकत घेताना त्यातलं घड्याळ तपासा. पडद्यावरची वेळ अटकेच्या नोंदीशी जुळली नाही की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. चौकशी संपताच फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) काढून लिहून ठेवता यायला हवी. आणि जागा भरली की जुन्यावर नवं चढवणारी सोय बंद करता येत नसेल, तर असा संच घेऊच नका. खटला उभा राहीपर्यंत मूळ फाइल उरलेलीच नसेल.