पार्सल मुलुंडला पोचलं, गाडी नाही

परदेशातून डायकास्ट गाड्या, म्हणजे खऱ्या गाड्यांची धातूची छोटी मॉडेलं, मागवणाऱ्यांना लुटायची एक पद्धत सध्या जोरात आहे. तिच्यात ट्रॅकिंग नंबर खरा असतो. पाकीट खरोखर निघतं, मुंबईत येतं आणि तुमच्याच पिनकोडमध्ये वाटलंही जातं. फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं असतं आणि आत गाडी नसते. मुलुंड पूर्वेला माझ्याबाबतीत हे घडलं. पैसे बऱ्याच खटपटीनंतर परत मिळाले. ते कसे मिळाले आणि कुठे अडले असते, एवढ्यासाठीच हे लिहितोय.

ज्यांना हा नाद नाही ते विचारतील, परदेशातून मागवायचंच कशाला? १:६४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ६४व्या हिश्शाच्या, छोट्या गाड्या कोपऱ्यावरच्या दुकानातही लटकलेल्या दिसतात. १:१८ या मोठ्या मापाची गोष्ट वेगळी. खेळण्यांवरचा आयात कर २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३मध्ये ७० टक्के. त्यातच २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. मोजकी मोठी मॉडेलं आणून विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हे परवडत नाही. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर डिंकी, मॅचबॉक्स अशा कंपन्यांच्या जुन्या गाड्या अजून सापडतात, पण तिथे जे निघेल ते आपलं. विशिष्ट गाडी हवी असेल तर बाहेरच बघावं लागतं.

मला हवी होती लान्सिया डेल्टा या इटालियन रॅली गाडीचं क्योशो या जपानी कंपनीने केलेलं १:१८चं मॉडेल, मार्टिनी या प्रायोजकाच्या रंगातलं. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं अजिंक्यपद लान्सियाने डेल्टाच्या जोरावर घेतलं. त्यामुळे पांढऱ्या अंगावर निळे-लाल पट्टे असलेली ही गाडी जगभरच्या लोकांना हवी असते, आणि हे विकणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक असतं. एका ऑनलाइन विक्रीस्थळावर ती दिसली. विक्रेता स्वतःला इटलीचा म्हणवत होता. किंमत बाजारभावापेक्षा थोडीशीच कमी. अर्ध्या किमतीत कुणी देऊ केली असती तर मी पुढे गेलोच नसतो. हे लोक तेवढी सूट कधीच देत नाहीत, कारण आपण काय पाहून सावध होतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

त्याच्या खात्यावर खरेदीदारांचे शेकडो चांगले शेरे होते. नंतर ते उघडून वाचले तर सगळे मोबाइलची कव्हरं आणि केसांच्या पिनांबद्दल, तेही जुने. मधला मोठा काळ रिकामा आणि मग एकदम महागड्या मॉडेलांची रांग. असं खातं बहुधा दुसऱ्या कुणाचं असतं, चोरलेलं किंवा विकत घेतलेलं. तेव्हा शेऱ्यांचा आकडा बघू नका, ते कशाबद्दल आहेत ते बघा.

पैसे मी क्रेडिट कार्डाने भरले. पाठोपाठ ट्रॅकिंग नंबर आला. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नंबराची ठेवण जगभर एकच असते: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर आर असेल तर ते रजिस्टर्ड टपाल, सी असेल तर पार्सल, ई असेल तर स्पीड पोस्टच्या धर्तीची सेवा. माझा नंबर आरने सुरू होत होता आणि शेवटी होतं सीएन, म्हणजे चीन. इटलीची गाडी चीनमधून कशी, असं विचारलं तर उत्तर आलं की आमचं गोदाम तिथे आहे. उत्तर अगदी अशक्य नव्हतं, कारण ही मॉडेलं मुळात तयार बहुतेक चीनमध्येच होतात.

एका दुपारी ट्रॅकिंगवर दिसलं की वस्तू पोचवली. घरी कोणी आलं नव्हतं. खाली वॉचमनकडे नाही, शेजारी नाही. विक्रेत्याला कळवलं तर तो एकदम प्रेमळ झाला. कदाचित पोस्टमनने शेजारी दिलं असेल, थोडे दिवस वाट बघा, तक्रार मात्र करू नका, आमचा धंदा छोटा आहे. मग त्याच्या देशात सणाच्या सुट्ट्या लागल्या. मग तो आजारी पडला. मग १५ टक्के परत देतो, तक्रार बंद करा. मग ३० टक्के.

या सगळ्या गोडव्यामागे तारखेचं गणित असतं. मोठ्या विक्रीस्थळांवर तक्रारीला मुदत असते, कित्येकदा अपेक्षित पोच तारखेपासून ३० दिवस. पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेवर ती पैसे भरल्यापासून १८० दिवस आहे, पण तिथेही वाद नुसता नोंदवून भागत नाही. २० दिवसांत तो दाव्यात बदलला नाही तर आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही. विक्रेता सुट्ट्या आणि आजारपण सांगतो ते हे दिवस खाण्यासाठी.

मी विक्रीस्थळाकडे तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. कारण एकच, ट्रॅकिंगवर वस्तू पोचलेली दिसते. तिथे बहुतेक माणूस सोडून देतो.

मी पोस्टात गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी नंबर बघून सांगितलं, "काका, हे तुमच्या नावावर नाहीच आहे." कोणाच्या नावावर आहे ते त्या सांगणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मी लेखी अर्ज दिला आणि त्यावर त्यांनी शेरा व शिक्का दिला की सदर वस्तू अर्जदाराच्या नावे व पत्त्यावर नव्हती. या एका कागदाने पुढचं सगळं हललं. शिक्का हवाच, तोंडी उत्तर परदेशातल्या माणसाला दाखवता येत नाही.

पोस्टमनना ते पाकीट आठवत होतं. त्यांनी स्वतःहून त्या माणसाला विचारलं, आणि तो आपणहून मला भेटायला तयार झाला. आमच्याच भागातला मेडिकलवाला. त्याला न मागवता एक पातळ पाकीट आलं होतं, आत प्लॅस्टिकची कीचेन. "मला वाटलं कुठल्या तरी कंपनीचं सॅम्पल असेल," तो म्हणाला. पाकीट त्याने टाकलं नव्हतं. त्यावर माझाच ट्रॅकिंग नंबर, आणि सीएन २२ हे कस्टम्सचं लेबल, जे लहान पाकिटांवर लावतात. त्यावर आत काय आहे आणि वजन किती, दोन्ही लिहिलेलं असतं. वजन होतं २० ग्रॅम. १:१८ची डेल्टा डबा आणि थर्माकोल धरून किलोच्या वर जाते.

त्या लेबलाचा फोटो, शिक्क्याचा कागद आणि विक्रेत्याशी झालेली सगळी बोलणी जोडून मी बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम उलटी फिरवून, मागितला. वस्तू मिळाली नाही या कारणासाठी व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्डाच्या जाळ्यांचे नियम साधारण १२० दिवसांची मुदत देतात. बँकेतल्या पहिल्या माणसाने "सर, ओटीपी तुम्हीच टाकला ना?" असं विचारून विषय संपवायचा प्रयत्न केला. त्याचा इथे संबंध नाही. पैसे मीच भरले हे मी नाकारत नव्हतोच, वस्तू आली नाही एवढंच म्हणत होतो. अर्जात हा फरक पहिल्याच ओळीत लिहा. "फ्रॉड झाला" एवढंच लिहिलं तर अर्ज कार्डचोरीच्या रकान्यात जाऊन अडकतो. रक्कम परत आली, परकीय चलनाचं शुल्क तेवढं बँकेनेच ठेवलं.

आमच्या ग्रुपातल्या डोंबिवलीच्या मित्राला ही वाटही राहिली नाही. त्याच्या विक्रेत्याने पेपालवर 'मित्र आणि कुटुंब' या प्रकाराने पैसे मागितले, शुल्क वाचतं म्हणून. भारतातून तसे पाठवता येत नाहीत म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न, परदेशात कोणी नातेवाईक आहेत का? न्यू जर्सीच्या मावसभावाने भरले. या प्रकाराला खरेदीदाराचं संरक्षण लागूच नसतं. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, तिचा नंबर मिळाला. पैसे मात्र परदेशातल्या खात्यातून कधीच निघून गेले होते.

पेटीवर 'भेट' लिहितो, किंमत कमी दाखवतो, असं सांगणाऱ्यापासूनही लांब राहा. डिसेंबर २०१९पासून भेटवस्तूंना सवलत नाही, पूर्ण कर भरावाच लागतो. आणि पेटीवर ५ डॉलर लिहिले असतील तर ती हरवल्यावर भरपाईही तेवढ्याचीच मागता येते. "तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, यूपीआयने पैसे भरा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. टपालाने आलेल्या वस्तूचा कर पोस्टमार्फत, पावतीवर भरला जातो.

पैसे भरण्याआधी मी आता विक्रेत्याकडे एक फोटो मागतो: गाडीचा तळ, शेजारी चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख आणि माझं नाव. डेल्टावाल्याकडे मागून तो देऊ शकला नसता, कारण त्याचे फोटो एका जपानी लिलावातले होते. इंटरनेटवर फोटोच टाकून शोधल्यावर दोन मिनिटांत सापडले. खऱ्या संग्राहकाला असा फोटो मागितल्याचा राग येत नाही, उलट तो चार जास्तच पाठवतो.

आणि हे गाड्या न जमवणाऱ्यांसाठी. घरी किंवा दुकानात न मागवलेलं परदेशी पाकीट आलं, आत कीचेन, मास्क, बियांची पुडी असलं काही निघालं, तर वस्तूचं काय करायचं ते करा, पण वरचं लेबल फाडून टाकू नका. निदान त्याचा नंबरासकट फोटो काढा आणि पोस्टात सांगून ठेवा. त्याच पिनकोडमध्ये कोणीतरी तो नंबर घेऊन काउंटरवर उभा असण्याची बरीच शक्यता आहे.