ड्रॉपझोन, फाइलपाँड की अप्पी? गोव्यातल्या कामांसाठी फाइल अपलोडची निवड

गोव्यात छोट्या संस्थांच्या वेबसाइटी करणाऱ्यांकडे अपलोडची कामं साधारण तीन तऱ्हांची येतात. हरमल-मांद्र्याच्या बाजूची गेस्टहाउसं पासपोर्टचे फोटो आधीच मागवून घेतात, कारण परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा, फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा फॉर्म भरावा लागतो. फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थान समितीला उत्सवाचे आणि उत्सवी नाटकांचे फोटो गावकऱ्यांच्या फोनवरून गोळा करायचे असतात. तिसरं काम भजनी मंडळांचं आणि आरती मंडळांचं. घुमट या मातीच्या तालवाद्याला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, पण त्याच्या साथीने होणाऱ्या आरत्यांच्या जुन्या कॅसेटी अजून कपाटांत आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवलं की ते एका जागी चढवायला मार्ग लागतो.

तिघंही मागताना म्हणतात, "फाइल अपलोड करायचं बटण द्या." त्यासाठी ड्रॉपझोन, फाइलपाँड आणि अप्पी या तीन लायब्ररी, म्हणजे वेबपानात जोडायचे तयार कोड, समोर असतात. कामं मात्र तीन वेगळी आहेत, आणि एकच लायब्ररी तिन्हीकडे बसवायला गेलं तर निदान एकीकडे तरी ती बसत नाही. लायब्ररीचं दिसणं शेवटी बघावं. आधी दोन गोष्टी विचाराव्यात: सर्वांत मोठी फाइल केवढी असेल, आणि ती चढत असताना नेट गेलं तर माणसानं काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे फार वजन आहे. पणजीत फायबरवर बसून चाचणी घेतली तर सगळंच चालतं. सत्तरी तालुक्यातल्या गावात, जुलैच्या पावसात, वीज आली-गेली करत असताना तेच पान कसं वागतं ते बघायला हवं.

लायब्ररी नकोच, हाही पर्याय खरा आहे. नोकरीच्या अर्जासोबत एक पीडीएफ जोडायची असेल तर साधा फाइल इनपुट, म्हणजे एचटीएमएलमधलंच फाइल निवडायचं बटण, पुरतो. किती टक्के झालं ते दाखवायचं असेल तर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ही ब्राउझरमधली सर्व्हरकडे माहिती पाठवायची जुनी सोय वापरा. त्याच कामाचं फेच नवं आणि सुटसुटीत असलं तरी अपलोडची प्रगती ते सांगत नाही. साध्या इनपुटची अडचण भाषेची आहे. "फाइल निवडा" हे बटण ब्राउझरचं असतं, त्यावरचा मजकूर ब्राउझरच्या भाषेत येतो आणि तो थेट बदलता येत नाही. समितीचे सत्तर वर्षांचे खजिनदार पान वापरणार असतील तर हा मुद्दा किरकोळ नाही.

तीन लायब्ररींपैकी ड्रॉपझोन सर्वांत ओळखीची. जुन्या पीएचपी साइटमध्ये तासाभरात बसते, फोटोची छोटी प्रतिमा दाखवते, आणि रुंदी दिली तर फोटो ब्राउझरमध्येच लहान करून पाठवते. सगळे संदेश मराठीत देता येतात. पण दोन गोष्टींमुळे नव्या कामासाठी मी ती सुचवत नाही. एक म्हणजे २०२१ च्या ५.९.३ आवृत्तीनंतर तिच्यावरचं काम फार मंदावलं. दुसरी चुकांच्या संदेशांची. सर्व्हरकडून मजकूर आला की ड्रॉपझोन तोच चूक झाल्याचा संदेश म्हणून दाखवते. फाइल मोठी आहे म्हणून एनजिनएक्स या वेब सर्व्हरने ४१३ हा चुकीचा क्रमांक (एरर कोड) देऊन ती नाकारली, तर त्याच्या पानाचा कच्चा एचटीएमएल फोटोवरच्या छोट्या चौकटीत उमटतो. समोरच्याला वाटतं साइटच मोडली. हे आवरता येतं, पण त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो. जुन्या साइटमध्ये ती नीट चालत असेल तर मात्र हात लावू नका, उपटून दुसरी बसवण्यासारखं काही नाही.

फोटो आणि फॉर्म यांच्यासाठी फाइलपाँड माझी पहिली पसंती. तिची पद्धत समजून घेतली की पुढचं सोपं जातं. माणसानं फोटो निवडला की तो लगेच सर्व्हरवर जातो आणि सर्व्हर एक ओळखक्रमांक परत देतो. तो क्रमांक फॉर्ममध्ये लपून बसतो. माणूस नाव, गाव, फोन भरेपर्यंत फोटो चढून झालेले असतात, आणि "पाठवा" दाबल्यावर फक्त क्रमांक जातात. मंद नेटवर हा फरक हाताला जाणवतो. बदल्यात सर्व्हरवर तात्पुरत्या फाइली साचतात, कारण फोटो निवडून फॉर्म अर्धवट सोडणारे असतातच. रोज रात्री त्या साफ करणारं काम पहिल्याच दिवशी लावून ठेवा. एवढं करायचं नसेल तर फाइल नेहमीच्या फॉर्मसारखी एकदमच पाठवायची सोयही तिच्यात आहे. मग जुना पीएचपी कोड जवळपास तसाच राहतो.

इथे एका जागी बरेच जण अडकतात. फोटो लहान करण्यासाठी फाइलपाँडचं इमेज रिसाइझ प्लगइन (वरून जोडायचा भाग) लावतात, आकडे देतात, आणि फोटो मात्र मूळ आकारातच चढतो. रिसाइझ प्लगइन फक्त "एवढा करायचा" अशी नोंद ठेवतं. खरं काम इमेज ट्रान्सफॉर्म प्लगइन करतं, म्हणून दोन्ही लावावी लागतात. फोनवरचा चार-पाच एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंदीवर आणला तर तो बहुधा काही शे केबीत बसतो. शंभर फोटोंच्या उत्सवात समितीचा आणि गावकऱ्यांचा केवढा डेटा वाचतो ते यावरून लक्षात येईल. फाइल एन्कोड नावाचं प्लगइन मात्र टाळा. ते फाइल बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या मजकुरात बदलतं आणि आकार साधारण एक तृतीयांशाने वाढवतं.

मोठी फाइल तुकड्यांत पाठवणं ड्रॉपझोन आणि फाइलपाँड दोन्हींना येतं. नेट क्षणभर गेलं तर तुकडा पुन्हा पाठवण्याची सोयही आहे, ड्रॉपझोनमध्ये ती मुद्दाम चालू करावी लागते. पण पान बंद झालं, फोनने टॅब मिटवली किंवा वीज गेली, की नव्याने उघडलेल्या पानाला मागचं काही आठवत नाही.

ध्वनिमुद्रणाचं काम नेमकं इथेच अडतं. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे तासाभराची सुमारे ६३५ एमबी. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला तर ती चढायला ४२ मिनिटं लागतात. एवढ्या वेळात पावसाळ्यात एकदाही वीज जाणार नाही, असं कोण म्हणेल? ९० टक्क्यांवर तुटून पुन्हा शून्यावर आलं की मंडळाचा माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही, कॅसेट परत कपाटात जाते. एवढ्यासाठी मी या कामाला अप्पीशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

अप्पीमधलं टस प्लगइन यासाठीच आहे. टस हा तुटलेलं अपलोड पुढे चालू ठेवण्याचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली ठरलेली बोलण्याची पद्धत, आहे. ब्राउझर सर्व्हरला विचारतो, "तुझ्याकडे किती बाइट पोहोचले?" आणि उत्तर येईल तिथून पुढचं पाठवतो. अपलोडचा पत्ता ब्राउझरमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे पान नव्याने उघडून तीच फाइल पुन्हा निवडली की काम तिथूनच सुरू होतं. "तीच फाइल" हे नाव, प्रकार, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांवरून ओळखलं जातं. म्हणून मधल्या वेळात कोणी फाइलीचं नाव बदललं तर पुन्हा शून्यापासून. ही सूचना पानावरच मराठीत ठळक लिहा.

अप्पीचा खर्च सर्व्हरच्या बाजूला येतो. टसचा मूळ सर्व्हर, टसडी, गो भाषेत आहे. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तो चालवता येत नाही, त्याला स्वतंत्र व्हीपीएस, म्हणजे आपल्या ताब्यातला भाड्याचा आभासी सर्व्हर, लागतो. टसडीच्या पुढे एनजिनएक्स असेल तर विनंतीचं बफरिंग बंद करा. नाहीतर एनजिनएक्स येणारा मजकूर आधी स्वतःकडे साठवतो, जोडणी तुटली की टाकून देतो, आणि टसडीपर्यंत काहीच पोहोचलेलं नसतं. अपलोड पुढे सुरू होत नाही आणि दोष लायब्ररीच्या माथी जातो. गुगल ड्राइव्हवरून थेट फाइल घ्यायची असेल तर कंपॅनियन नावाचा, नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) वापरणारा आणखी एक सर्व्हर चालवावा लागतो. मंडळाने तो हट्ट धरला नाही तर बरं. पासपोर्टच्या दोन फोटोंसाठी अप्पी घेणं मात्र उगाच वजन वाढवणं आहे.

यांतली कुठलीही घ्या, सर्व्हरच्या मर्यादा आधी तपासा. पीएचपी मुळात २ एमबीपर्यंतचीच फाइल घेतं आणि संपूर्ण विनंती ८ एमबीपर्यंत. त्यापुढे गेलं की फॉर्ममधली सगळी माहितीच रिकामी येते, नाव-गावसुद्धा. एनजिनएक्सची मूळ मर्यादा तर १ एमबी. "लायब्ररी चालत नाही" या तक्रारी बऱ्याचदा या तीन आकड्यांपाशी येऊन थांबतात.

आणि पासपोर्टच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. लायब्ररीत "फक्त फोटो" असं बंधन घातलं म्हणजे सुरक्षा झाली असं समजू नका. ते बंधन ब्राउझरमध्ये आहे आणि ते चुकवणं अवघड नाही. फाइल खरंच फोटो आहे का हे सर्व्हरवर तपासा, नाव बदलून ठेवा, आणि ती वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. पासपोर्ट क्रमांक गूगलच्या शोधात सापडावा अशी वेळ कुठल्याही पाहुण्यावर येता कामा नये. फॉर्म सी भरून झाला आणि ठेवण्याचं दुसरं कायदेशीर कारण उरलं नाही की ती प्रत पुसून टाका, आणि पुसण्याची ही मुदत गेस्टहाउसच्या मालकाकडून काम घेतानाच लिहून घ्या.