हरणासाठी ४५-७०: पाच खोकी, आणि सगळ्यात टणक गोळी का नको

४५-७० चं काडतूस तळहातावर घेतलं की आधी जाणवतं ते वजन. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. त्या हिशेबाने थर्टी-ओ-सिक्स या दुसऱ्या रायफल-काडतुसाची नेहमीची जड गोळी एक तोळ्याची, आणि ४५-७० ची मूळ ४०५ ग्रेनची गोळी चक्क सव्वादोन तोळ्यांची. नवखा गिऱ्हाईक इथेच फसतो. एवढी जड आहे तर अजून जड, अजून टणक घेऊ, असं म्हणून तो मोठ्या अस्वलासाठी बनवलेली गोळी हरणावर झाडतो. ती एका बरगडीतून शिरते, समोरच्या बरगडीतून तशीच बाहेर पडते आणि हरीण झाडीत दिसेनासं होतं. मरतं, पण कुठे ते शोधत बसावं लागतं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार बंद आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाने हे फक्त माहितीसाठी वाचावं. पुढचं सगळं अमेरिकेतलं, त्यातही ओहायोकडचं. तिथे २०१४ पासून हरणासाठी सरळ टरफलाच्या, म्हणजे ज्यांचं धातूचं कवच गोळीकडे एकदम निमुळतं होत नाही अशा काडतुसांची रायफल चालते आणि १८७३ साली अमेरिकी सैन्याच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी निघालेलं हे काडतूस त्या नियमात बसतं. एच-१बीवर असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळ्यांचं खोकंही जवळ ठेवायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. म्हणजे आधी परवाना, मग दुकान.

आता मुद्द्याचं. पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे साठ-नव्वद किलोचं, पातळ कातडीचं आणि नाजूक बरगड्यांचं जनावर. त्याच्यात आरपार जायला ४५-७० ला काहीच कष्ट पडत नाहीत. प्रश्न आरपार जाण्याचा नाही, आत उघडण्याचा आहे. शिशाचं नरम नाक मांसात शिरल्यावर मागे दुमडतं, गोळी छत्रीसारखी फुलते आणि फुप्फुसं फाडते. पण फुलायला वेग लागतो, आणि ४५-७० कडे तोच बेताचा असतो. म्हणून खोक्यावर आधी वजन नव्हे, नाकाची बनावट आणि वेग वाचावा.

रेमिंग्टनचं ४०५ ग्रेन सॉफ्ट पॉइंट हे सगळ्यांत जुन्या वळणाचं. नळीतून सुटताना वेग सेकंदाला १,३३० फूट, १०० यार्डांवर ११६८. या वेगाला गोळी फार फुलत नाही, पण मुळातच ती साडेअकरा मिलिमीटर जाड असल्याने भोक मोठंच पडतं आणि मांसाची नासाडी जवळजवळ होत नाही. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० वर ती तब्बल दोन फूट खाली जाते. मचाणावरून ५०–८० यार्डांवर मारणाऱ्याला उत्तम. शेताच्या पलीकडच्या बांधावर उभ्या हरणासाठी हे खोकं घेऊच नका.

विंचेस्टर सुपर-एक्स ३०० ग्रेन, पोकळ नाकाचं. वेग १,८८०, आणि १०० ला नेम धरल्यास २०० यार्डांवर साधारण फूटभर घसरण. पटकन फुलतं, हरीण जागच्या जागी बसण्याची शक्यता चांगली. खोट एवढीच की अगदी जवळून खांद्याच्या हाडावर बसलं तर पुढच्या फऱ्याचं मांस काळंनिळं होऊन फेकावं लागतं. खांदा सोडून त्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात मारणाऱ्याला ही अडचण येत नाही.

फेडरल हॅमरडाउन ३०० ग्रेन हे आमच्या मते पाचांतलं सरस. वेग विंचेस्टरसारखाच, १,८५०. फरक गोळीच्या पोटात आहे: तांब्याचं कवच आणि आतलं शिसं एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे हाडावर आपटूनही दोन्ही वेगळी होत नाहीत. नाक मात्र नरम. म्हणजे फुलतेही आणि आरपारही जाते, आणि बाहेर पडण्याचं भोक मोठं असलं की वाळल्या पानांवर रक्ताचा माग सापडतो. टरफलाला निकेलचा मुलामा आहे आणि त्याची मागची कड किंचित तासलेली आहे. लिव्हर (पुढचं काडतूस भरायचा चापाखालचा दांडा) ओढताना काडतूस जिथे अडखळतं नेमकी तीच जागा. बोटाच्या नखाने ती कड चाचपली तरी साध्या टरफलापेक्षा वेगळी लागते. घाईत दुसरी फैर भरताना हा एवढासा उतार उपयोगी पडतो.

हॉर्नाडी लिव्हरेव्होल्यूशन ३२५ ग्रेन एफटीएक्सचं सगळं नाव त्याच्या टोकामुळे. लिव्हर रायफलीत काडतुसं नळीसारख्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीवर टेकलेलं. टणक टोकदार गोळी तिथे भरली तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. म्हणून शंभर वर्षं या रायफलींना चपट्या नाकाच्या गोळ्या. हॉर्नाडीने टोक रबरासारखं लवचीक केलं आणि टोकदार गोळी चालती केली. वेग २,०५० आहे. १०० यार्डांवर तीन इंच वर नेम ठेवला तर २०० वर जेमतेम चार इंच खाली. हरणाच्या छातीतलं मर्मस्थान आठ इंचांचं धरतात, म्हणजे दोन्ही अंतरांवर छातीच्या मधोमध धरा आणि चाप ओढा.

पण दोन गोष्टी खोक्यावर सहज दिसत नाहीत. ते आकडे २४ इंची नळीचे आहेत. मार्लिनच्या एकोणीस इंची १८९५ एसबीएल रायफलीत वेग शंभर फुटांच्या आसपास घटतो, तेव्हा छापील घसरणीवर विसंबून १८० यार्डांवर मारू नका, चांदमारीवर मोजून घ्या. दुसरी गोष्ट घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी: ही गोळी लांब असल्याने तिचं टरफल मुद्दाम आखूड, २.०४० इंचांचं, नेहमीचं २.१०५. दोन्ही एका डब्यात मिसळली की डायची (टरफलात गोळी बसवायच्या साच्याची) मांडणी बिघडते, आखूड टरफलाचं तोंड गोळीला आवळलंच जात नाही, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगने व धक्क्याने गोळी आत सरकते. मग आतला दाब वाढतो. डबे वेगळे ठेवा, टरफलांवर मार्करने रेघ ओढा.

धक्क्याचंही बघा. साडेसात पाउंडी रायफलीत एफटीएक्सचा धक्का अंदाजे ३३ फूट-पाउंड, रेमिंग्टनच्या ४०५ चा १९ च्या घरात. जड गोळीचा धक्का कमी, हे ऐकायला उलटं वाटतं, पण वेग आणि काडतुसातली दारू दोन्ही कमी आहेत. खांद्याला भिऊन चाप झटकणाऱ्याचा नेम ज्या गतीने बिघडतो, त्यापुढे घसरणीचे सगळे तक्ते फोल. अशाने सरळ ४०५ घ्यावं आणि शंभर यार्डांच्या आत बसावं.

पाचवं, हॉर्नाडीचंच मोनोफ्लेक्स, २५० ग्रेन, बिनशिशाचं, तांब्याच्या मिश्रधातूचं. वेग २,०२५. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे प्रश्नच मिटला. इतर राज्यांतही घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर याचा विचार जरूर करा: २००८ साली नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते वाटू नका असं सांगावं लागलं. शिसं वापरलंत तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, खिम्यात जाऊ देऊ नका. तांब्याची गोळी तुटत नाही, पण फुलायला शिशापेक्षा जास्त वेग मागते, तेव्हा आखूड नळीतून दीडशे यार्डांपुढे तिला ताणू नये.

प्लस-पी छापाची (नेहमीपेक्षा जादा दाबाची), चारशे ग्रेनच्या वरची टणक शिशाची काडतुसं या यादीत घेतलीच नाहीत. अलास्कातल्या तपकिरी अस्वलाच्या हाडांसाठी ती ठीक. घरात आजोळहून आलेली खरी ट्रॅपडोअर असेल तर तिच्यात ती कधीही घालू नका. तिची घडण काळ्या दारूच्या दाबाची आहे, आणि ४५-७० ची ठरलेली कमाल दाबमर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) इतकी खाली ठेवली आहे ती या जुन्या रायफलींमुळेच. तिच्यासाठी फक्त सौम्य ४०५, तेही बंदूकदुरुस्तीवाल्याने तपासल्यावर.

घ्यायचं ठरलं की एकाच लॉटची तीन खोकी घ्या, प्रत्येकात वीस. लॉट नंबर खोक्याच्या कडेला किंवा आतल्या झडपेवर असतो. पहिलं खोकं नेम बसवायला: टेकूवरून १०० यार्डांवर तीन-तीन फैरी, मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तिन्ही भोकं तीन इंचांत आली की पुरे, याहून बारीक नेमासाठी दारू जाळू नका. दुसऱ्या खोक्यातल्या फैरी मचाणावर बसून मारतात तशा, बसून आणि गुडघ्यावरून मारा. तिसरं जपून ठेवा. ओहायोत चेंबर (नळीच्या मागचा, झाडायचं काडतूस बसतं तो कप्पा) आणि मॅगझिन मिळून तीनच फैरी भरता येतात, मार्लिनच्या मॅगझिनमध्ये त्याहून जास्त मावतात, तेव्हा लाकडी ठोकळ्याने जागा अडवून घ्या आणि हंगामाच्या आदल्या दिवशी ती तीनही काडतुसं एकदा लिव्हरने बाहेर काढून बघा. अडकायची असतील तर घरीच अडकू देत.