गळती दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका: फायबरच्या बोटीचा अनुभव

पानशेतच्या बॅकवॉटरपलीकडे आमची थोडी शेती आहे. काका-काकू आणि कामाची माणसं तिथे ये-जा करतात ती चौदा फुटी फायबरच्या बोटीतून. ही बोट आम्ही वापरलेलीच घेतली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या तळात पाणी साचायला लागलं, म्हणून आम्ही ती भोसरीकडच्या एका फायबरवाल्याकडे दिली. नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सगळ्यांना कळली पाहिजे.

पुण्यात फायबरची कामं करणारे भरपूर आहेत. पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर, बागेतल्या घसरगुंड्या, सगळं करतात. त्यातला हा एक. बोट उलटी करून वरवर हात फिरवला आणि म्हणाला, "गळती शोधत बसण्यात अर्थ नाही साहेब, फायबरच जुनं झालंय. अख्खा तळ नव्याने करतो. दोन थर मॅट, वर जेलकोट." मॅट म्हणजे काचतंतूंची चटई, ती रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने चढवतात; जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर. ३८ हजार सांगितले, २५ हजार आधी घेतले. काम चालू असताना बघायला येतो म्हटलं तर रेझिनचा वास बाधतो, येऊ नका, असं उत्तर. बोट परत आली ती आरशासारखी चकचकीत. उरलेले पैसेही लगेच घेतले.

पहिल्याच खेपेला खताच्या गोण्या आणि काकू बोटीत होत्या. काकूंना पोहता येत नाही. निम्म्या वाटेत पाणी घोट्याच्या वर आलं. काकांनी डब्याने उपसत उपसत काठ गाठला. हे आठवलं की आजही माझा संताप होतो. पैसे गेले त्याचं एक वेळ सोसता येईल, पण बोटीत माणसं बसतात हे त्याला माहीत होतं. फोन केला तर म्हणाला, "तुम्हीच खडकावर घासली असणार." त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग कोकणात बोटींवर काम केलेले एक मिस्त्री मिळाले. त्यांनी आधी काहीच खरवडलं नाही. बोट ट्रेलरवर, तळाला नीट टेकू देऊन ठेवली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे टेकू नसतील तर तळच तडकायचा. बाहेरून बोट कोरडी पुसून तळाला खडूची पूड चोळली आणि आत खाण्याचा रंग घातलेलं पाणी थोडं थोडं सोडलं. बाहेरचं पाणी जिथून आत येतं, तिथूनच आतलं बाहेर पडणार. पाणी बोटीत साचतं ती जागा आणि शिरतं ती जागा वेगळी असते, म्हणून नुसतं बघून गळती कळत नाही.

थोड्याच वेळात मागच्या ड्रेन प्लगच्या, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या बुचाच्या, स्क्रूंभोवती पूड केशरी झाली. शेजारी, आधीच्या मालकाने मासे शोधायचं यंत्र बसवलं होतं त्या स्क्रूच्या भोकातूनही थेंब आला. अख्ख्या तळात गळती होती ती एवढीच.

मिस्त्रींनी तिथे पटाशीचं टोक घातलं. रंगाचा पापुद्रा सुटला, त्याखाली सिलिकॉनची पट्टी रबरासारखी ओढून निघाली आणि तिच्याखाली गाड्यांच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी), नखाने उकरता येईल इतकी भुसभुशीत. ही लांबी पाणी पिते. आणखी चार ठिकाणी खरवडून पाहिलं, नव्या मॅटचा एक धागा नाही. मागच्या फळीवर नाण्याने ठोकलं तर वर टणटण आणि प्लगपाशी बद्द आवाज. आतलं प्लायवूड भिजून कुजायला लागलं होतं.

त्यांनी कुजकं प्लाय काढून नवं बसवलं, भोकं मोठी करून, पूर्ण वाळवून घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने) भरली, पुन्हा नव्याने पाडली आणि फिटिंगखाली बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट घातलं. खर्च पहिल्याच्या निम्म्याहून कमी. पाण्याखालच्या फिटिंगला साधं सिलिकॉन लावू देऊ नका. ते टिकत नाही आणि त्याचा अंश राहिला तर पुढे इपॉक्सीही धरत नाही.

भेगेचं काम असेल तर कारागिराला विचारा की उतार किती काढणार, म्हणजे भेगेच्या कडा किती तिरक्या घासणार. जाडीच्या साधारण बारा पट रुंद घासून मगच मॅट चढवायची असते. दमट फायबरवर रेझिन धरत नाही, त्यामुळे भर पावसात उघड्या शेडमध्ये दोन दिवसांत काम देतो म्हणणाऱ्याला बोट देऊ नका. पाण्याची चाचणी कामाआधी आणि कामानंतर तुमच्यासमोर झाली पाहिजे, मॅट चढवताना रंगाआधीचे फोटो मागा आणि मोठी रक्कम दुसऱ्या चाचणीनंतरच द्या.

पहिल्या फायबरवाल्याने पावती दिली नव्हती, पण यूपीआयचे व्यवहार आणि 'दोन थर मॅट' लिहिलेला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आमच्याकडे आहे. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि माहितीसाठी हेल्पलाइन १९१५. याच पद्धतीने कुणाची बोट किंवा टाकी रंगवून परत आली असेल, तर रंग खरवडतानाचे फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा.