ट्रेकला वॉकीटॉकी न्यावा का? गप्पिष्ट आणि अबोल, दोघांच्या सोयीने केलेलं परीक्षण

ट्रेकच्या गटात दोन जातीची माणसं असतातच. एकाला पायथ्यापासून माथ्यापर्यंत गप्पा हव्यात, दुसऱ्याला पायाखालचा पाचोळा ऐकू येईल एवढी शांतता. दोघं एकापाठोपाठ चालले की दोघांचाही दिवस फुकट. साधा उपाय म्हणजे मध्ये अंतर टाकायचं. पण अंतर पडलं की चुकामूक आलीच. या पेचात वॉकीटॉकीची जोडी कितपत उपयोगी पडते, एवढंच इथे तपासलं आहे. सेट धरले आहेत ते परवाना न लागणारे, साधारण अर्ध्या वॉटचे, बॅटरीसकट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरणारे.

थोडक्यात निकाल: जोडी घ्यावी, पण गप्पा मारायला नव्हे. गटातल्या ज्यांना गप्प चालायचं आहे त्यांना निर्धास्तपणे गप्प चालता यावं, हे तिचं खरं काम. गप्पांसाठी विकत घेतलेला सेट दुसऱ्या ट्रेकला घरीच राहतो.

मुळात डोंगरात तोंडाने बोलणं का फसतं ते बघा. एक मीटरवर साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल भरतं आणि मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतं. म्हणजे आठ मीटर मागे असलेल्याला जेमतेम ४२ मिळतात. त्यात वारा आणि बुटांची खरखर. शिवाय पुढचा माणूस बोलतो तो समोर तोंड करून. ‘स’, ‘त’, ‘च’ अशा व्यंजनांचे तीक्ष्ण आवाज डोक्याला वळसा घालून मागे पोचत नाहीत, नुसते स्वर पोचतात. म्हणून मागचा ‘काय?’ विचारतो, पुढचा मान वळवून पुन्हा सांगतो, आणि मान वळलेली असतानाच पाय मुरगळतो. एका रांगेत चालताना बोलायचंच असेल तर मागच्याने बोलावं आणि पुढच्याने ऐकावं. हे बिनखर्चाचं आहे.

आता सेटकडे. खोक्यावर ८ किंवा १० किलोमीटर पल्ला छापलेला असतो. तो दोन माथ्यांवर, मध्ये काहीही आडवं नसताना मिळतो. दाट झाडीत एक-दोन किलोमीटर मिळाले तर नशीब, आणि मध्ये डोंगराची सोंड आली की काही शे मीटरवरच आवाज तुटतो. अर्ध्या वॉटला खडक भेदता येत नाही. ओली पानंही लहरी गिळतात, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर त्याच वाटेवर पल्ला कमी भासतो. बरेच जण सेट कमरेला लावतात, तिथे तो शरीराच्या आडोशाला जातो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना उभी राहील असा लावला की फरक लगेच कळतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बटण दाबण्याच्या सवयीमुळे. माणूस बटण दाबतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो. सेटला प्रसारण सुरू करायला आणि पलीकडच्याला कोड (आपल्याच गटाचं बोलणं ओळखायला सेटवर लावलेली खूण) ओळखून स्पीकर उघडायला सेकंदाचा काही अंश लागतो. पलीकडचा सेट बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेत असेल तर आणखी थोडा. तेवढ्यात पहिलं अक्षर-दोन अक्षरं गळतात. ‘डावीकडे वळा’ म्हटलं काय आणि ‘उजवीकडे वळा’ म्हटलं काय, पलीकडे पोचतं ‘कडे वळा’. वाट फुटते तिथे याहून वाईट काय असणार? म्हणून बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला, आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बोट उचला. सेट तोंडापासून चार-पाच बोटं लांब आणि किंचित तिरका धरा, नाहीतर श्वासाची फूंक माइकवर आदळते. दिशा सांगताना ती दोनदा सांगा, आणि ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी.

सेटिंगमध्ये निघण्यापूर्वी चार गोष्टी बघायच्या. बोलणं संपल्यावर वाजणारी ‘बीप’ बंद करा. अबोल मित्राचा निम्मा राग त्या बीपवर असतो. बटणांचे आवाज बंद. थरथरणारी सूचना असेल तर ती चालू. आणि आवाजाने आपोआप सुरू होणारं प्रसारण, म्हणजे व्हॉक्स, हमखास बंद. हात मोकळे राहतात म्हणून ते आकर्षक वाटतं, पण चढावर ते फक्त धापा आणि वारा ऐकवतं, आणि तेवढा वेळ चॅनेल अडलेलं राहतं.

‘प्रायव्हसी कोड’ हे नाव फसवं आहे. कोड लावल्याने तुमचं बोलणं गुप्त होत नाही, फक्त इतरांचं तुम्हाला ऐकू येत नाही. त्याच चॅनेलवर दुसरा गट बोलत असेल तर तुमचा निरोप त्यांच्या आवाजाखाली चिरडला जातो आणि का ते कळतही नाही. निरोप जात नाहीत असं वाटलं तर मॉनिटरचं, म्हणजे कोड न बघता चॅनेलवरचं सगळं ऐकवणारं, बटण दाबून चॅनेल खरंच मोकळं आहे का ते ऐका.

किती सेट न्यावेत? सहा जणांपर्यंत दोन: एक सर्वांत पुढे, एक सर्वांत शेवटी. त्याहून मोठ्या गटात मध्ये एक तिसरा. प्रत्येकाला एकेक दिला की डोंगराचा पार होतो. वेळही ठरवून घ्या, समजा दर अर्ध्या तासाने. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं, मग पाच-सात शब्दांचा निरोप, झालं. फाट्यावर मात्र सेट असूनही थांबायचंच. शेवटचा माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय पुढचा हलत नाही.

शांततेच्या बाजूने असणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. पूर्ण मौन पाळणाऱ्या गटात कोणाची दमछाक झाली आहे हे उशिरा कळतं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग ठीक. तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. ही चाचणी घ्यायला बोलावंच लागतं. शेवटच्या माणसाला ‘ठीक?’ विचारू नका, ‘हो’ कोणीही म्हणतो. ‘आता कुठे आहेस, काय दिसतंय?’ विचारा आणि उत्तर कसं येतंय ते ऐका. घसाऱ्यावर दगड निसटला तर मौन वगैरे काही नाही, ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. अस्वलांच्या भागातही बोलत राहणंच शहाणपणाचं, कारण ते अचानक समोर आलेल्या माणसावर बिथरतं. बोलण्याने हिमकडा कोसळतो ही मात्र दंतकथा आहे. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो.

सेट बंद पडला तर शिटी. ती प्रत्येकाकडे हवी आणि बिनगोळीची हवी. गोळीच्या शिटीत थुंकी गोठते किंवा गोळी अडकते. फॉक्स ४० क्लासिकसारख्या बिनगोळीच्या शिटीचा आवाज ११५ डेसिबलपर्यंत जातो. सॅकच्या छातीपट्ट्याच्या बकलमध्ये असते ती शिटी अनेकदा फुसकी निघते. घराबाहेर एकदा फुंकून बघा. आल्प्समधल्या पद्धतीप्रमाणे संकटाची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन. उत्तर अमेरिकेत मात्र तीन शिट्ट्या हीच संकटाची खूण मानतात, तेव्हा गटात आधी ठरवून घ्या. मित्राला हाक मारायला शिटी वापरायची नाही.

कान मोकळे ठेवणारे, हाडातून आवाज देणारे हेडफोन गप्प राहण्यासाठी सुचवले जातात. कान मोकळा राहतो, लक्ष राहत नाही. रांगेत नकोत.

विकत घेताना देश बघा. युरोपातले सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर १६ चॅनेलांचे, अमेरिकेतले ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास २२ चॅनेलांचे. एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकीकडचा दुसरीकडे वापरणं नियमातही बसत नाही. साध्या एए सेलवर चालणारा सेट निवडा. थंडीत अल्कलाइन सेल लवकर माना टाकतात, न चार्ज होणारे लिथियम टिकतात. ऐकण्यापेक्षा बोलण्यात कितीतरी जास्त बॅटरी जाते, म्हणजे कमी बोलणाऱ्या गटाचा सेट आपोआप जास्त चालतो.

चुकामूक टाळायला पाचपैकी चार. गप्पांसाठी एक. परत आल्यावर चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडून सेट वाळवा आणि अल्कलाइन सेल काढून ठेवा; पुढच्या मोसमापर्यंत आत राहिले तर पाझरून संपर्काच्या पट्ट्या खातात.